गैरहजर विद्यार्थिनी : लॉरिन हिल यांच्या संगीतसंग्रहाचे स्वागत

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांत १९७० च्या दशकात हिप-हॉपचा जन्म झाला. ह्या परंपरेतील ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा संगीतसंग्रह ऑगस्ट १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये हिल यांना पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले व वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा मान हिप-हॉपला प्रथमच लाभला. त्या वेळी हिल अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

संग्रहाचे शीर्षक सहज सुचलेले नाही. त्यात कार्टर वुडसन ह्यांच्या १९३३ च्या ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ ह्या ग्रंथाचा पडसाद आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांचा हा मुलगा हार्वर्डचा डॉक्टर झाला आणि त्याने लिहिले ते असे, की प्रचलित शाळा कृष्णवर्णीय मुलाला स्वतःच्या समाजाचा तिटकारा शिकवते. तो शिकतो आणि आपल्या माणसांपासून तुटतो. बाबासाहेबांचे १८ मार्च १९५६ चे आग्रा येथील भाषण ज्यांना स्मरते, त्यांना वुडसन परका वाटणार नाही.

संग्रहाचा प्रारंभ एका वर्गात होतो. घंटा वाजते, शिक्षक हजेरी घेतात, लॉरिन हिल हे नाव पुकारले जाते आणि उत्तर येत नाही. हे शिक्षक म्हणजे कवी अमिरी बराका ह्यांचे पुत्र रास बराका. पुढे २०१४ मध्ये ते नेवार्क शहराचे महापौर झाले. गाण्यांच्या मधूनमधून ते मुलांना प्रेम म्हणजे काय, असे विचारतात आणि मुले अडखळत, हसत, वाद घालत उत्तरे देतात. कोणीही पुस्तकातले उत्तर देत नाही. माझ्या मते संग्रहाचा गाभा येथेच आहे : गायिका वर्गाबाहेर एकटी शिकते, आणि जे शिकायचे ते वर्गात चाललेल्या सामूहिक बोलण्यात असते.

समीक्षकांनी मात्र ह्या वर्गाकडे नक्षीकाम म्हणून पाहिले. प्रेमभंग, मातृत्व आणि श्रद्धा ह्यांवर लिहिणाऱ्या एका प्रतिभावंत स्त्रीचा आत्माविष्कार, असाच बहुतेकांचा सूर होता. पुरुषी बढाईने भरलेल्या त्या क्षेत्रात स्त्रीच्या लेखणीला मिळालेला हा मान लहान नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एका नावाचा गौरव करताना बाकीची नावे झाकली गेली.

१९९८ मध्येच ‘न्यू आर्क’ ह्या गटातील चार संगीतकारांनी लेखन व निर्मितीचे आपले श्रेय डावलले गेल्याचा दावा न्यायालयात दाखल केला. हिल यांनी तो अमान्य केला. २००१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यामुळे कोणाचे किती, ह्याचा निवाडा कधी झालाच नाही. ह्या वादाने गाण्यांचे मोल उणावते, असे मला वाटत नाही. हिल यांचा आवाज व शब्दांवरील हुकमत उसनी नाही. पण श्रमाचे श्रेय हा विषय समीक्षेने वकिलांवर सोडून द्यावा, हे पटत नाही. पडद्यामागच्या कष्टकऱ्याचे नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तरी हा संग्रह ऐकताना तो प्रश्न सोबत ठेवावा.

पुढे २०२१ मध्ये एक कोटी प्रतींच्या खपाबद्दल संग्रहाला अमेरिकेत ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. स्टुडिओत नव्या गाण्यांचा दुसरा संग्रह हिल यांनी आजवर काढलेला नाही.