अग्नी, सूर्य आणि उपादान : टोल्किन यांच्या कल्पित पुराणकथेचा एक अन्वयार्थ

पुराणकथेत अग्नी अथवा सूर्य आला की त्यामागे दैवत शोधण्याची अभ्यासकांची सवय जुनी आहे. धम्मपदाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून आपणांस परिचित असलेल्या मॅक्स म्यूलर यांनी दैवतकथांचा उगम सूर्यविषयक भाषेत शोधला. पुराणकथा हा भाषेचा विकार होय, हे त्यांचे मत जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) यांनी परीकथांवरील निबंधात (१९४७) नाकारले. तरीही टोल्किन यांच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीचा अर्थ सूर्योपासनेच्या अंगाने लावण्याचा मोह वाचकास होतो. हा अर्थ संहितेस धरून नाही, असे आमचे मत आहे.

खझद-दूमच्या पुलावरील प्रसंग पाहावा. बॅलरॉगची वाट अडवताना गॅन्डाल्फ तीन अग्नींचा निर्देश करतो. स्वतःस तो गुप्त अग्नीचा सेवक म्हणवितो, 'अनोर'ची ज्वाला आपण धारण केल्याचे सांगतो आणि प्रतिपक्षाच्या ज्वालेस 'उदून'ची म्हणतो. अनोर म्हणजे सूर्य. उदून हे मेल्कोरच्या पाताळदुर्गाचे नाव. हा प्रकाश व अंधार यांचा संग्राम, असे सहज म्हटले जाते. परंतु बॅलरॉग हाही मूळचा अग्निस्वरूप आत्मा असून गॅन्डाल्फच्याच 'मायार' वर्गातील आहे. म्हणजे येथे अग्नीसमोर अग्नीच उभा आहे. मग भेद कोठे आहे?

याचे उत्तर मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द सिल्मरिलियन' (१९७७) मध्ये सापडते. स्वतःची सृष्टी निर्माण करावी म्हणून मेल्कोर अविनाशी ज्योत शून्यात शोधत फिरतो. ती त्यास लाभत नाही, कारण ती निर्मात्या इलूवतारपाशी आहे. 'अग्न्यात्मा' असे ज्याचे नाव, तो फेआनोर दोन वृक्षांचा प्रकाश रत्नांत साठवतो आणि ते वृक्ष वाचविण्यासाठीही ती रत्ने द्यावयास नकार देतो. दोघांच्याही ठिकाणी अग्नी दूषित नाही. 'हा माझा' ही भावना दूषित आहे. उलट गॅन्डाल्फपाशी असलेली अग्निमुद्रिका 'नार्या' त्यास किर्दानने दिली, ती इतरांची विझलेली मने पुन्हा चेतविण्यासाठी. अनोरची ज्वाला म्हणजे हीच मुद्रिका, असेही काही जण मानतात. संहिता मात्र तसे कोठे सांगत नाही.

सूर्याविषयी तर टोल्किन यांची भूमिका अधिकच स्पष्ट आहे. त्यांच्या कथेत सूर्य हे नष्ट झालेल्या सुवर्णवृक्षाचे अखेरचे फळ असून त्याची वाहक आरिएन ही स्त्री आहे. मिल्टन वॉल्डमन यांना १९५१ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात सूर्य हे ईश्वरी प्रतीक नव्हे, दुय्यम वस्तू आहे, असे त्यांनी म्हटले आहे. म्हणून भूगर्भातील काळोखात गॅन्डाल्फ सूर्याचे नाव घेतो, तेव्हा तो दैवताचा धावा करीत नाही. मूळ अदृश्य ज्योत आणि भग्न जगात उरलेला प्रकाश, या दोहोंशी असलेले आपले उत्तरदायित्व तो सांगतो.

पाली साहित्याच्या अभ्यासकास येथे 'उपादान' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. इंधन आणि आसक्ती असे त्याचे दोन्ही अर्थ आहेत. गयाशीर्षावर भगवंतांनी पूर्वाश्रमीच्या एक हजार अग्निपूजक जटिलांना आदित्तपरियाय सुत्त सांगितले. ज्या अग्नीची त्यांनी उपासना केली होती, तोच राग, द्वेष आणि मोह यांचा अग्नी म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. जळणाऱ्या वस्तूकडून जाळणाऱ्या आसक्तीकडे दृष्टी वळविण्याची ही रीत फेआनोरची कथा समजून घेण्यास उपयोगी पडते.

परंतु साम्य येथेच थांबते. टोल्किन कॅथलिक होते. गुप्त अग्नी म्हणजे पवित्र आत्मा, असे त्यांनी सांगितल्याची नोंद क्लाइड किल्बी यांनी केली आहे. त्यांची ज्योत अविनाशी आहे आणि तिला निर्माता आहे. बुद्धवचनात निर्माता नाही, आणि इंधन संपल्यावर अग्नीचे निवणे हीच निब्बानाची उपमा आहे. टोल्किन यांना प्रच्छन्न बौद्ध ठरविणे त्यांच्यावर अन्याय करणारे आणि धम्माच्या दृष्टीने अनावश्यक होय. अग्निपूजा नाकारलेल्या वाचकाने अग्नीच्या कथाही टाकून द्याव्यात, असे मात्र नाही. प्रत्येक कथेतील अग्नी कशावर जळतो आहे, एवढे त्याने विचारावे.