'स्मशानातील सोनं' : बंद खाणीची कथा

अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. तरी पुढच्या विवेचनाच्या सोयीसाठी तिचा सांगाडा मांडतो. वारणेच्या खोऱ्यातला भीमा हा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून रानाला लागून असलेल्या उपनगरातल्या वस्तीत राहतो आणि तिथल्या डोंगरातल्या दगडाच्या खाणीत काम धरतो. त्याच्या ताकदीवर ठेकेदार खूश असतो. पण थोड्याच महिन्यांत खाण बंद पडते. बेकार भीमाला स्मशानातल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो आणि पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. जीव वाचतो, पण दोन बोटे कापून टाकावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेवर माझ्या वाचनात जे लेखन आले, ते बहुतेक भुकेविषयी आहे. भूक माणसाला कुठवर नेते, भीती आणि बीभत्स यांचे रसायन अण्णाभाऊंनी कसे साधले, कोल्ह्यांशी भीमाची झुंज कशी रंगवली, याची चर्चा पुष्कळ होते. ती योग्यच आहे. पण कथेच्या सुरुवातीला आणि शेवटाला जी खाण आहे, तिच्यावरून समीक्षक भरभर पुढे जातात. त्यांच्या दृष्टीने खाण म्हणजे भीमाला स्मशानापर्यंत पोहोचवणारी एक सोय. माझे म्हणणे असे की ही कथा मुळात खाणीचीच आहे आणि स्मशान हा तिचा दुसरा अंक आहे.

असे मला का वाटले, ते सांगितले पाहिजे, कारण हे वाचन ग्रंथालयात बसून सुचलेले नाही. मी डिचोली तालुक्यातला. शिक्षण बारावीपर्यंत. पुढचे जे काही वाचले, ते वाचनालयांच्या जिवावर. ऐन खाणींच्या भरात दहा-बारा वर्षे मी आमच्या भागातल्या एका ट्रकमालकाच्या हिशेबाच्या वह्या लिहीत होतो. दिवसाच्या ट्रिपा, डिझेल, टायर, चालकाचा पगार आणि बँकेचा हप्ता, एवढे पाच रकाने. २०१२ च्या सप्टेंबरात पहिला रकाना रिकामा झाला. शेवटचा चालू राहिला. त्यानंतर काही महिन्यांनी मी ही कथा दुसऱ्यांदा वाचली आणि तोवर न दिसलेली खाण मला दिसली.

खाण का बंद पडली, हे अण्णाभाऊ सांगत नाहीत. मला ही उणीव वाटत नाही. भीमालाही ते कुणी सांगितलेले नसते. खडक फोडणाऱ्यापर्यंत कारण पोहोचत नाही, फक्त निकाल पोहोचतो. आमच्याकडे कारणे पुष्कळ सांगितली गेली, इतकी की त्यांचाच धुरळा झाला. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज काढण्याला व त्याच्या वाहतुकीला स्थगिती दिली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सगळे खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे जी पाच वर्षे आमच्या वहीत सर्वांत भरलेली, त्या वर्षांना कायद्याचा आधारच नव्हता. पुढे ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने तेही रद्द झाले आणि मार्चच्या मध्यात खाणी दुसऱ्यांदा थांबल्या.

गावात याचे सार एका वाक्यात झाले : कोर्टाने खाणी बंद केल्या. मीही तेच बोलत होतो. पण बाजाराचे आकडे शेजारी ठेवले की हे वाक्य लंगडे पडते. २०११ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात लोहखनिजाचा भाव टनाला १८० डॉलरच्या वर होता. २०१५ च्या अखेरीस तो ४० डॉलरच्या आसपास आला. हा भाव चांगल्या प्रतीच्या खनिजाचा. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे, बरेचसे ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेले. ते चीनला हवे होते, कारण त्या वर्षांत चीनला जे मिळेल ते हवे होते. पहिल्या बंदीनंतर खाणी पुन्हा उघडल्या तेव्हा आमच्या खनिजाला पूर्वीचा भाव राहिला नव्हता. केंद्राने हलक्या खनिजावरचे निर्यात शुल्क आधी कमी केले, नंतर काढून टाकले, तरी पहिले दिवस परतले नाहीत. कोर्ट मध्ये आले नसते, तरी २०१५ हे वर्ष आमच्या ट्रकमालकाला उभे-आडवे करूनच गेले असते. ज्या प्रदेशाचे पोट एका वस्तूवर आणि त्या वस्तूच्या एका गिऱ्हाइकावर चालते, तिथे बंद पडणे हा अपघात नसतो. तारीख तेवढी ठरायची असते.

मराठी भाषाही इथे थोडी दिशाभूल करते. 'गुणांची खाण', 'ज्ञानाची खाण' असे आपण सहज म्हणतो. न संपणाऱ्या साठ्याला आपण खाण म्हणत आलो आहोत. संपणे हाच जिचा धर्म, तिला आपण अक्षयतेची उपमा केली. भीमाची कथा या उपमेला पहिला छेद देते.

दुसरा शब्द 'गुंतवणूक'. खाणी बंद पडल्यावर वृत्तपत्रांत 'गुंतवणूक आटली' असे मथळे येत. कोणाची गुंतवणूक, हे त्यात नसे. गोव्याच्या खाणव्यवसायाची रचना लक्षात घेतली पाहिजे. १९५० च्या दशकात जपानच्या मागणीमुळे हा धंदा वाढला. उघड्या खाणी, जवळची नदी, नदीत बार्ज आणि टोकाला मुरगाव बंदर. खाणीपासून जेटीपर्यंतचा रस्त्याचा तुकडा मोठ्या प्रमाणात गावकऱ्यांच्या ट्रकांवर चालला. म्हणजे या साखळीत एका टोकाला ज्यांचे भांडवल इतर राज्यांत, इतर धंद्यांत पसरलेले होते असे खाणमालक, आणि मधल्या कडीत शेत किंवा दागिने गहाण ठेवून ट्रक घेतलेला माणूस. भाव पडला की पहिल्याने पुढची यंत्रे घ्यायची नाहीत, नवे काम काढायचे नाही, एवढे केले की झाले. दुसऱ्याला हात आखडता येत नाही. त्याने आधीच घातलेले असते. गुंतवणूक या शब्दात 'गुंतणे' आहे, ते या मधल्या माणसाला लागू पडते. सरकारने ट्रक आणि बार्जमालकांसाठी मदतीच्या आणि कर्जफेडीच्या योजना आणल्या, काहींना त्यांचा आधार झाला. पण अंगणात उभ्या ट्रकचे टायर उन्हात तडकायचे ते तडकलेच. आणि ज्यांच्या नावावर ट्रकही नव्हता, त्या चालकाचे, क्लीनरचे, गॅरेजातल्या पोऱ्याचे नुकसान कोणत्या अर्जात भरायचे, हा प्रश्न मी ज्या कार्यालयात विचारला, तिथे मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवले गेले.

भीमाकडे ट्रक नव्हता. त्याच्याकडे फक्त हात होते. म्हणूनच अण्णाभाऊंची मांडणी अधिक उघडी आहे. भीमाला एकच काम उत्तम येते : जमीन फोडून आतली वस्तू बाहेर काढणे. त्या कामाचा एकुलता एक गिऱ्हाईक निघून जातो, पण काम त्याच्या अंगात राहते. स्मशानात तो काही नवे शिकत नाही. तीच पहार, तेच उकरणे, तेच चाळणे. फरक इतकाच की आता तो उरलेसुरले काढतो आहे, जे एकदा पुरून झाले आहे ते. कथेतला हा बदल मी आधी केवळ अधःपात म्हणून वाचत होतो. आता मला त्यात सातत्य दिसते. खाणीने त्याला जे बनवले, तेच तो खाणीनंतरही आहे.

आणि याच जागी आमच्या भागातले ढीग आठवतात. गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती बाजूला काढावी लागते. तिचे डोंगर गावांच्या उशाला उभे आहेत. जुन्या काळी हलके खनिजही 'टाकाऊ' म्हणून याच ढिगांत गेले. चीनने हलके खनिज घ्यायला सुरुवात केली, तशी टाकाऊ ढिगांना किंमत आली आणि ढीग पुन्हा उपसले जाऊ लागले. बंदीनंतर आधी काढून ठेवलेल्या खनिजाचा न्यायालयाच्या परवानगीने ई-लिलाव झाला. काही दिवस तेवढ्याच मालावर ट्रक फिरले आणि गावाला वाटले, खाणी सुरू झाल्या. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ढीग उचलण्याचा विषय निघाला. मला हे राख चाळण्यासारखे वाटते. उपमा फार ताणू नये, हे मला कळते. ढीग उचलणे हा गुन्हा नाही आणि कुणाच्या प्रेताची विटंबनाही नाही. पण एका पूर्ण प्रदेशाची कल्पनाशक्ती मागे उरलेल्या मातीपाशी येऊन थांबावी, याचे मराठीतले इतके नेमके चित्र मला दुसरे माहीत नाही.

आता एक आक्षेप मीच घेतो. भीमाची कथा खाणीच्या बाजूने फार झुकलेली आहे. तिच्यात खाण म्हणजे केवळ हरवलेले सुख. खाण येण्याआधी त्या डोंगरावर काय होते, हे तिथे विचारले जात नाही. ते विचारायला पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोकणी कादंबरी जवळ ठेवावी लागते. १९७७ ची ही कादंबरी शेतीवर जगणाऱ्या गोमंतकीय गावात खाण येते तेव्हाची आहे. रोजचा पगार हाती येतो, शेत मागे पडते, घर आतून उसवत जाते. 'अच्छेव' पर्यावरणाच्या खात्यात टाकली जाते आणि 'स्मशानातील सोनं' भुकेच्या. दोन भाषा, दोन खाती, म्हणून दोन्ही एकत्र वाचल्या जात नाहीत. वाचल्या तर लक्षात येते की एकीचा शेवट ही दुसरीची सुरुवात आहे. शेत सोडलेला माणूस खाण बंद झाल्यावर शेताकडे परतत नाही, कारण तोवर शेतात खाणीची माती उतरलेली असते. भीमा वारणेला परत का जात नाही, याचे उत्तर अण्णाभाऊंच्या कथेत नीटसे मिळत नाही. 'अच्छेव'मध्ये मिळते.

आमच्याकडे ज्यांच्या भातशेतीत पावसाबरोबर लाल चिखल यायचा, त्यांना बंदीने दिलासाच दिला. रस्त्यालगतच्या घरांतली धूळ बसली. ती माणसे मोर्चात नव्हती, म्हणून 'खाण अवलंबित' या शब्दात ती मोजली गेली नाहीत. खाणीवर अवलंबून असणे दोन प्रकारचे असते, एक तिच्या चालण्यावर आणि एक तिच्या थांबण्यावर. त्याच २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायला सांगितली. खनिज विकले म्हणजे कमाई झाली असे नाही, ठेव मोडली, हा विचार त्यामागे आहे. आमच्या ट्रकमालकाच्या वहीत असा रकाना नव्हता. सरकारच्या वहीतही तोवर नव्हता.

कथेच्या शेवटाकडे पुन्हा येतो, कारण माझा खरा मतभेद तिथे आहे. बोटे गेली त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते. याला योगायोगाचा नाट्यमय शेवट म्हटले जाते, काहींना तो बेतलेला वाटतो. मला तो कथेतला सर्वांत काटेकोर भाग वाटतो. खाण नेहमीच परत सुरू होते. भाव वाढतो, ठेकेदार येतो. प्रश्न असतो की मधल्या काळात कामगाराचे काय झाले. गोव्यात २०२२ च्या अखेरीस नव्या पद्धतीने खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले. पहिली बंदी आली तेव्हा जो चाळिशीचा होता, तो तोवर बावन्न वर्षांचा झाला होता. त्याचा ट्रक भंगारात गेला. त्याच्या मुलाने पणजीत किंवा परदेशात नोकरी धरली, किंवा धरली नाही. खाण सुरू झाल्याचे आकडे सरकारकडे असतील. कापलेल्या बोटांचा आकडा असत नाही.

मागच्या वर्षी आमच्या वाचनालयात मी ही कथा मोठ्याने वाचली. ऐकायला दहा-बारा माणसे होती, त्यांत पूर्वी दोन ट्रक असलेला एक ओळखीचा. वाचन संपल्यावर इतर लोक कोल्ह्यांबद्दल आणि प्रेताबद्दल बोलत होते. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, खाण सुरू झाल्याची बातमी भीमापर्यंत आली खरी, पण त्याला कामावर या म्हणून कुणी निरोप पाठवला होता का? मी पुस्तक उघडून शेवटचे पान पुन्हा पाहिले. त्यात बातमीच होती.