बाहेरची लेन

गेल्या ऑगस्टात मिलवॉकीच्या ओव्हलवरची इंडीकार शर्यत संपत आली तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. ॲलेक्स पालोऊ जवळजवळ अख्खी शर्यत पुढे होता. शेवटी शेवटी पावसाचे चार शिंतोडे आले, पिवळं निशाण निघालं. पालोऊ जुन्याच टायरवर ट्रॅकवर राहिला, ख्रिश्चन रासमुसेन मात्र पिटमध्ये जाऊन नवे टायर घालून आला. मग एकेका गाडीला गाठत त्याने पालोऊलाही मागे टाकलं. छोट्या संघाचा पोरगा, कारकिर्दीतला पहिला विजय. त्या शेवटच्या फेऱ्या मी उभ्यानेच पाहिल्या.

पुढच्या काही आठवड्यांत २०२६चं वेळापत्रक आलं आणि त्यात आयोवाचा ओव्हल नव्हता. तेव्हापासून डोक्यात जे खदखदतंय ते आता मोसम तोंडावर आल्यावर लिहायलाच हवं.

वरवर पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. अठरा शर्यती आहेत: सहा ओव्हलवर, सहा कायमस्वरूपी रोड कोर्सवर, सहा शहरातल्या रस्त्यांवर. पण ओव्हलच्या सहांपैकी दोन मिलवॉकीलाच, एकाच शनिवार-रविवारी. म्हणजे ओव्हल पाचच. शहरी सहांमध्ये मात्र आर्लिंग्टन, मार्कम आणि वॉशिंग्टन असे तीन ट्रॅक कोरे करकरीत. मालिकेचा जीव कुठे गुंतलाय ते एवढ्यावरून कळतं.

बाकीचं झटपट सांगून टाकतो. पालोऊ २०२५मध्ये सतरापैकी आठ शर्यती जिंकला, चार वेळा मालिकेचा विजेता आहे, यंदाही त्याच्यावर पैज लावायला हरकत नाही. हायब्रीड यंत्रणेने गाडीचं वजन वाढवलं, रंगत वाढवली नाही. बार्बर आणि लगुना सेका देखणे आहेत. तिथल्या शर्यतींवर लिहावं असं मला काही सुचत नाही. लाँग बीचला १९७५पासूनचा इतिहास आहे, त्याला मान द्यायलाच हवा. सगळी वर्तमानपत्रं मिक शूमाखरच्या आगमनाने भरली आहेत. त्याची खरी परीक्षा मोसमाच्या दुसऱ्याच शर्यतीत आहे, ७ मार्चला, फिनिक्सच्या एक मैलाच्या ओव्हलवर.

फिनिक्सची फेरी वीसेक सेकंदांची. युरोपात घडलेल्या ड्रायव्हरला पहिला धक्का बसतो तो सरळ रस्त्यावर, कारण गाडी सरळ जायलाच तयार नसते. उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे गाडी सारखी डावीकडे ओढते आणि सरळ पट्ट्यातही स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. वळणात शिरताना पुढच्या गाडीने हवा फाडून टाकलेली असते, नाकावरचा दाब जातो आणि गाडी भिंतीकडे सरकू लागते. मग हाताशी असलेल्या कळीने वजन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलायचं, अँटीरोल बार सैल किंवा घट्ट करायचा, कानात स्पॉटर शेजारच्या गाडीचा ठाव सांगत असतो तो ऐकायचा, आणि हे सगळं पुढचं वळण यायच्या आत. टायर झिजतात, इंधन संपत जातं, तसतशी गाडी दर दहा फेऱ्यांनी निराळी होते. ‘नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय?’ असं विचारणाऱ्याने एकदा एकाच ड्रायव्हरच्या गाडीतल्या कॅमेऱ्यावर अख्खी शर्यत पाहावी.

डेव्हिड मलुकस यंदा पेन्स्के संघाच्या गाडीत बसतोय, यासाठीच मला या मोसमाची ओढ आहे. २०२२मध्ये गेटवेच्या ओव्हलवर हा नवखा मुलगा दुसरा आला होता. गाडी घसरू देत देत सावरण्याचा त्याचा हात उपजत आहे. रासमुसेनचाही तसाच. ही जात ओव्हलवरच तयार होते आणि ओव्हलवरच दिसते.

मग ओव्हल नकोसे का झाले? ठरलेलं उत्तर असं, की गाड्या एका रांगेत फिरतात, कंटाळा येतो, लोक येत नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही. आयोवात २०२४मध्ये नॅसकारच्या शर्यतीसाठी वळणांवर फक्त खालच्या लेनपुरतं नवं डांबर टाकलं. खाली पकड एवढी वाढली की वरची लेन मेली, आणि जिथे दोन-तीन गाड्या बिलगून धावायच्या तिथे मिरवणूक सुरू झाली. टेक्सास मोटर स्पीडवेवरही हेच घडलं होतं. नॅसकारसाठी वरच्या लेनमध्ये चिकट रसायन फवारलं. नॅसकारच्या टायरना ते मानवलं, इंडीकारच्या टायरना तिथे पाय ठेवता येईना. डांबर बिघडवलं दुसऱ्यांनी आणि ठपका बसला ओव्हलवर.

टेक्सासला त्यावर उपाय सापडलाही होता. २०२२मध्ये सरावात अर्धा तास राखून ठेवला आणि काही ड्रायव्हरनी फक्त वरच्या लेनमध्ये फेऱ्या मारून तिथे रबर बसवलं. लेन जिवंत होऊ लागली. २०२३ची शर्यत तर अशी रंगली की जोसेफ न्यूगार्डन आणि पॅट्रिसिओ ओवॉर्ड खांद्याला खांदा लावून पहिल्या जागेसाठी झुंजत होते. दुखणं बरं झालं, आणि २०२४च्या वेळापत्रकातून टेक्सास गेलं! १९९७पासून चाललेली शर्यत. आता तो स्पीडवे ज्या फोर्ट वर्थमध्ये आहे त्याच्याच शेजारी, आर्लिंग्टनमध्ये, फुटबॉल आणि बेसबॉलच्या स्टेडियमांना वळसा घालणारा चौदा वळणांचा रस्ता आखलाय. तासाभराच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर दीड मैलाचा ओव्हल उभा असताना सिमेंटचे अडथळे मांडून ट्रॅक बनवायचा, याला मी तरी प्रगती म्हणणार नाही.

शहरात शर्यत नेली की नवा प्रेक्षक मिळतो, हे खरं आहे. पण त्याला दाखवायचं काय? रस्त्यावरची शर्यत मोनॅकोपासून सिंगापूरपर्यंत जगभर होते, फॉर्म्युला वन ती जास्त पैसा ओतून करतं. खुल्या चाकांची गाडी ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने भिंतीलगत शेजारशेजार पळवणं फक्त अमेरिकेकडे आहे. २०२५मध्ये इंडी ५००ची स्टँडमधली सगळी तिकिटं संपली होती. लोकांना ओव्हल नको असते तर ती कोणी घेतली?

म्हणून फिनिक्सबद्दल धाकधूक वाटते. इंडीकार तिथे २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं धावली, ओव्हरटेकिंग जेमतेम झालं आणि शर्यत गुंडाळली गेली. यंदाही शर्यत नॅसकारच्या सप्ताहांतातच आहे, म्हणजे ट्रॅकवर आधी रबर त्यांचंही असणार. पहिल्या दिवशी मिरवणूक झाली की लगेच ओव्हलच्या नावाने बोटं मोडणारे तयारच आहेत. २०२८च्या नव्या दलारा गाडीचे निर्णयही याच काळात पक्के होतील. ती गाडी आधी एक मैलाच्या ओव्हलवर दुसऱ्या गाडीच्या मागे पळवून पाहा, रस्त्यांसाठी मग जुळवा. आणि फिनिक्सच्या सरावातला अर्धा तास वरच्या लेनसाठी द्या. टेक्सासने दिला होता तेवढाच.