धान्याचें कोठार व त्याची किल्ली

कन्फ्यूशियसाचें नांव निघालें कीं विधिनिषेध, पितृभक्ति व राजनिष्ठा यांची एक करडी आचारसंहिता आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें उभी राहते. ही समजूत सर्वस्वी खोटी नसली, तरी अपुरी खास आहे. ‘लुन्-यू’ या संवादग्रंथांत, दाट लोकवस्ती पाहून आतां पुढें काय करावें असें शिष्यानें विचारतां, गुरु प्रथम लोकांस सुस्थितींत आणण्यास सांगतो. शिक्षणाचें नांव त्यानंतर काढतो. सर्व मर्म या क्रमांत आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकांत मेन्शियसनें हाच धागा पुढें नेला. ज्याच्या उपजीविकेस स्थैर्य नाहीं, अशा सामान्य माणसाचें मनहि स्थिर राहत नाहीं. आणि त्याच्या हातून अपराध घडल्यावर त्यास शासन करणें म्हणजे जाळें पसरून प्रजेची पारध करणें होय, असें तो राजास तोंडावर बजावतो. घराभोंवतीं तुती लावावी, कोंबड्या-डुकरें पाळावीं, हंगामांत शेतकऱ्यास वेठीस धरूं नये, हेंहि तो सांगतो. नीतीच्या ग्रंथांत कोंबड्यांस जागा मिळावी, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

या विचाराची कसोटी पुढें दीड हजार वर्षांनीं लागली. इ. स. ११६८ मध्यें फूकिएन प्रांतांत दुष्काळ पडला असतां चू शी या तत्त्वज्ञानें सरकारांतून धान्याचीं ६०० मापें उसनीं मिळविलीं व त्यांतून पुढें ग्रामकोठार उभारलें. व्याज शेंकडा वीस. साल वाईट असल्यास निम्में, घोर दुष्काळांत मुळींच नाहीं. चौदा वर्षांत मूळ धान्य परत करून ३१०० मापें शिल्लक राहिलीं. तेव्हांपासून व्याज बंद झालें. शेंकडा तीन एवढी तूटच काय ती घेत. वांग आन्-शीच्या १०६९ च्या सरकारी पीककर्जामागील हेतु चू शीस मान्य होता. दोष त्यास दिसला तो तें कर्ज पैशांत देण्यांत, तालुक्याच्या कचेरींतून वांटण्यांत व अंमलदारांच्या हातीं सोंपविण्यांत.

येथेंच माझा आक्षेप आहे. चू शीनें कारभार अंमलदारांकडून काढला, पण दिला कोणास? गांवांतील सुसंस्कृत गृहस्थांस. ते सज्जन असतील तोंवर कोठार भरलेलें. ते लोभी निघाले तर कर्जदार कुळानें दाद कोठें मागावी, याचें समाधानकारक उत्तर या विचारसरणींत मिळत नाहीं. प्रजेचें मत ऐकावें असें म्हणणाऱ्या मेन्शियसनेंहि तें ऐकणें राजाच्या विवेकावरच सोडलें.

रिकाम्या पोटास नीतिपाठ देऊं नये, हें या परंपरेनें उत्तम शिकविलें. कोठाराच्या किल्लीवर भुकेल्याचाहि हक्क असावा, हें शिकविण्याचें मात्र राहून गेलें.