भडका खरा, काडी बाहेरची

६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला, तेव्हा मंचावर शेवटी दोघे उरले होते. अभिजीत सावंत हा २००५ साली गळ्याच्या आणि एसएमएसच्या जोरावर ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता झालेला गायक. सूरज चव्हाण बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, रील्समधून घराघरांत पोहोचलेला. जिंकला सूरज. पूर्वी लोक निदान कला ऐकून मत देत, आता माणूस पाहून देतात, हा वीस वर्षांतला बदल त्या एका निकालात स्पष्ट दिसला.

पण आपण जो माणूस पाहतो तो कितपत खरा? या कार्यक्रमाचं मूळ नेदरलँड्समधल्या १९९९ च्या ‘बिग ब्रदर’मध्ये आहे. स्पर्धकांना ठेवलेल्या घरात घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही आणि जिकडे पाहावं तिकडे कॅमेरे. चोवीस तासांच्या चित्रीकरणातून आपल्यापर्यंत येतो जेमतेम तासभर. प्रत्येक वाक्य लिहून दिलेलं असतं, असं मी मानत नाही. त्याची गरजच पडत नाही. रेशन कमी करायचं, ज्यांचं पटत नाही अशा दोघांना एकाच टास्कमध्ये अडकवायचं, की भडका आपोआप उडतो. तो राग खराच असतो, काडी मात्र बाहेरून पडलेली असते. पुढचं काम संकलकाचं. एक जण रडतोय आणि पुढच्याच शॉटमध्ये दुसरी गालातल्या गालात हसतेय. ते हसू त्याच क्षणाचं होतं की दुपारच्या जेवणाच्या वेळचं, हे पडद्यावरून कळायला काहीच मार्ग नाही. खाली करुण सुरावट आली की आपण तिला दुष्ट ठरवून मोकळे होतो.

प्रेक्षकाला हे कळत नाही असं नाही. तरी तो बघतो, कारण त्याला निवाडा करायचा असतो. म्हणून शनिवार-रविवारचे भाग रंगतात. महेश मांजरेकरांची चावडी असो की रितेश देशमुखांचा ‘भाऊचा धक्का’, आठवडाभर सोफ्यावर बसून आपण दिलेला कौल सूत्रसंचालकाच्या तोंडून ऐकण्यात मोठं समाधान असतं. सूरजच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट होती. चारचौघांत दबकून बोलणाऱ्या पोराला लोकांनी आपलं मानलं. ते मत अभिनयाला नव्हतं, हे २०२५ मध्ये दिसलं. त्याला नायक करून केदार शिंदेंनी काढलेला ‘झापुक झुपूक’ चित्रपटगृहांत चालला नाही.

गाण्याच्या स्पर्धांचं दुखणं वेगळं आहे. २०२१ मध्ये किशोरकुमारांवरच्या विशेष भागाला ‘इंडियन आयडॉल’मध्ये पाहुणे म्हणून गेलेल्या त्यांच्या मुलाने, अमितकुमारांनी, नंतर उघड सांगितलं, की सगळ्यांचं कौतुक करायला आपल्याला सांगण्यात आलं होतं. परीक्षणच ठरवून होत असेल तर स्पर्धेत उरलं काय? २००८-०९ च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मधली पाच मुलं आजही आठवतात ती गाण्यामुळे. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित यांपैकी कुणाला विसरायला लोक तयार नव्हते. सूर लागला की नाही, हे ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानांनी तपासता येत होतं.

मला विचाराल तर मराठीतला सर्वांत खरा रिॲलिटी शो ‘होम मिनिस्टर’ होता, आणि समीक्षकांनी त्याची कधी नीट दखल घेतली नाही. २००४ पासून अठरा वर्षं आदेश बांदेकर घरोघरी गेले. घर आवरलेलं, वहिनी ठेवणीतली साडी नेसून तयार, म्हणजे सगळं कॅमेऱ्यासाठीच. पण लग्न कसं जमलं, असं बांदेकर भावजींनी विचारलं की नवऱ्याची नजर आधी आईकडे जायची आणि मग तो बोलायचा. उखाणा अडला की सासूबाई मागून शब्द पुरवायच्या. त्या दोन-चार सेकंदांत घरात कुणाचं चालतं ते कळून यायचं. बक्षिसाच्या पैठणीसाठी कुणाला घराबाहेर काढावं लागत नव्हतं.

कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणणार नाही. मीही ते आवडीने बघतो. वाहिन्यांकडे मागणी एकच आहे. लोकांकडून मतं मागता, तर प्रत्येक स्पर्धकाला किती मतं पडली ते अंतिम फेरीच्या रात्रीच पडद्यावर दाखवा.