क्षमा कोणी कोणाला करायची? जो बायडन आणि नशेचे कायदे

शिक्षा कशाच्या आधारावर न्याय्य ठरते, हे आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं. आज क्षमेबद्दल बोलू. उदाहरण घेतलंय अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचं. गांजा आणि एकूणच अमली पदार्थांबाबत त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षांत ज्या भूमिका घेतल्या, त्यांचं.

सुरुवात १९८६ पासून करू. त्या जूनमध्ये लेन बायस हा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू कोकेनमुळे दगावला. बॉस्टन सेल्टिक्सने त्याला निवडून दोनच दिवस झाले होते. देशभर खळबळ उडाली आणि ऑक्टोबरात नवा कायदा झालासुद्धा. विक्रीच्या गुन्ह्यात पाच ग्रॅम क्रॅक सापडलं तर किमान पाच वर्षांची कैद. कोकेनच्या पुडीचं मात्र तसं नव्हतं. तिथे तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागत. आता क्रॅक म्हणजे काय? कोकेनची पूड पाण्यात खाण्याचा सोडा घालून शिजवली की जे खडे उरतात, ते क्रॅक. मूळ द्रव्य एकच. धुरावाटे घेतल्यामुळे नशा झटकन चढते, हा फरक खरा. पण म्हणून शंभरपट? आणि क्रॅकसाठी फेडरल न्यायालयांत शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

डेलावेअरचे सिनेटर बायडन या कायद्याच्या पुरस्कर्त्यांत होते. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी नशेविरुद्धची योजना जाहीर केली. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उत्तर द्यायला बायडन उभे राहिले आणि त्यांची तक्रार काय, तर योजना पुरेशी कडक नाही! अर्थात हेही सांगितलं पाहिजे, की तेव्हा दोन्ही पक्ष याच सुरात बोलत होते. कित्येक कृष्णवर्णीय खासदारांनीही त्या कायद्याला पाठिंबा दिला होता.

पुढे बायडन बदलले. हा शंभरपटीचा फरक पूर्ण काढून टाकणारं विधेयक २००७ मध्ये त्यांनीच मांडलं. ते मंजूर झालं नाही. २०१० मध्ये, ते उपराष्ट्राध्यक्ष असताना, फरक अठरापटींवर आला. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर कबुली दिली. तिचा सूर असा, की मोठी चूक झाली, तज्ज्ञांनी आम्हाला तसं सांगितलं होतं.

इथे जरा थांबू या. घरात पोराच्या हातून कप पडला की ते म्हणतं, 'कप फुटला.' 'मी फोडला' असं म्हणत नाही. 'चूक झाली' हे त्याच जातीचं वाक्य आहे. त्यात चूक आहे, पण ती करणारा कोणी नाही.

आता गांजा. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी बायडन यांनी, फेडरल कायद्याखाली केवळ गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना माफी दिली. सरकारी अंदाजाने असे सुमारे साडेसहा हजार लोक होते, पण केवळ या गुन्ह्यासाठी फेडरल तुरुंगात त्या दिवशी एकही नव्हता. विकणारे वगळले होते. राज्यांच्या कायद्याखालच्या शिक्षा गव्हर्नरांवर सोडल्या. नोकरी, घर मिळायला या माफीचा उपयोग आहे, मी तो कमी लेखत नाही. पण गुन्ह्याची नोंद तिने पुसली जात नाही.

माझा आक्षेप मात्र आकड्यांवर नाही. क्षमा करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: समोरच्याने अपराध केला, आणि मी उदार होऊन तो सोडून देतो. पण गांजासाठी कोणाला तुरुंगात टाकूच नये, असं तुमचं मत असेल, तर अपराध कोणाचा? कायदाच चुकला असेल, तर क्षमा मागायची कोणी? आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द आहे, प्रायश्चित्त. क्षमा करणाऱ्याला स्वतःचं काही द्यावं लागत नाही. प्रायश्चित्त घेणाऱ्याला द्यावं लागतं.

डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी आपला मुलगा हंटर याला माफी दिली. त्याच्यावरचा एक खटला होता बंदूक घेताना नशेबाबत खोटी माहिती दिल्याचा. आपल्या क्रॅकच्या व्यसनाबद्दल हंटर यांनी स्वतःच पुस्तकात लिहिलंय. मी इथे बापाची टिंगल करणार नाही. व्यसनी मुलाचा बाप काय भोगतो, ते बापच जाणे. पण १९८६ चा कायदा ज्यांच्या मुलांना लागला, तेही बापच होते. त्यांच्या हातात माफीची लेखणी नव्हती.

कोणी म्हणेल, सर, राजकारण्याकडून अनुताप कशाला मागता? परिणाम पाहा. ठीक, पाहू. १७ जानेवारी २०२५ ला, पायउतार होण्याच्या तीन दिवस आधी, त्यांनी अमली पदार्थांच्या अहिंसक गुन्ह्यांतल्या जवळपास अडीच हजार कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या. क्रॅक आणि पूड यांतला जुना भेद टिकणारा नाही, हे कारणही उघड दिलं. त्यांच्या साऱ्या निर्णयांत प्रायश्चित्ताच्या सर्वांत जवळ जाणारा हाच, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण ते गेले तेव्हा अठरापटीचा फरक कायद्यात तसाच होता. गांजाला हेरॉइनच्या यादीतून खालच्या यादीत आणण्याचा, मे २०२४ मध्ये मांडलेला प्रस्तावही अर्धाच राहिला होता.

भूमिका बदलली म्हणून मी बायडन यांना दोष देत नाही. विचार करणाऱ्या माणसाची मतं बदलतात. मी एवढंच विचारतो, की मत बदलताना त्यांनी स्वतःची जागा बदलली का? १९८६ मध्ये ते शिक्षा देणाऱ्याच्या खुर्चीत होते. २०२२ मध्ये क्षमा करणाऱ्याच्या. खुर्ची तीच होती, आणि समोर उभा असलेला माणूसही तोच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.