सारांशाची निवड आणि उताऱ्याची सीमा

उताऱ्याखाली चार विधाने देऊन त्यांतील सर्वोत्तम सारांश निवडावयास सांगणारा प्रश्न परीक्षांचा म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. वस्तुतः तो तात्पर्यनिर्णयाचा प्रश्न आहे, आणि मराठीत त्याची गंभीर चर्चा लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) झाली आहे. एकाच ग्रंथाचे संन्यासपर, भक्तिपर व कर्मपर असे परस्परविरोधी सारांश टिळकांपुढे होते. त्यांतून निवड करण्यासाठी पहिल्याच प्रकरणात ते मीमांसकांची कसोटी पुढे ठेवतात : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ग्रंथ कोठे सुरू होऊन कोठे संपतो, कशाची पुनरुक्ती करतो, नवे काय सांगतो, त्यातून काय निष्पन्न होते, त्यात आनुषंगिक काय आणि युक्तिवादाचा रोख कशावर, हे पाहावयाचे. अर्जुन युद्ध नाकारतो हा उपक्रम, तो युद्धास सिद्ध होतो हा उपसंहार. म्हणून कर्मयोगपर सारांश ग्राह्य.

ही कसोटी एका लहान, उदाहरणापुरत्या रचलेल्या उताऱ्यावर लावून पाहता येईल. ‘नांदगावच्या तिठ्यावरून एक रस्ता देवगडला जातो. मोसमात या रस्त्याने आंब्याच्या पेट्या मुंबईकडे निघतात. पेट्यांबरोबर गावची माणसेही निघत राहिली. पेट्या दरवर्षी नव्याने भरतात. माणसे मात्र तशी भरून येत नाहीत.’ याचे चार सारांश असे : नांदगाव हे दळणवळणाचे ठिकाण आहे, आंबा हा या भागाचा आधार आहे, येथून आंबे आणि माणसे मुंबईस जातात, आंब्याची तूट भरून निघते, स्थलांतराची निघत नाही.

तिसरा सारांश मोहात पाडतो. त्यात खोटे काही नाही, आणि उताऱ्यातील मजकूर त्याच्याइतका दुसऱ्या कोणत्याही विधानात सामावलेला नाही. तरीही तो चुकतो, कारण ‘मात्र’ हा शब्द त्याने गाळला. आंबा येथे अर्थवादाच्या जागी आहे. माणसांची तूट मोजण्यासाठी तो आणला आहे. तिसरे विधान दृष्टांत आणि प्रतिपाद्य यांना एका ‘आणि’ने जोडून सपाट करते. ॲरिस्टॉटलने ‘ओडिसी’चे कथासूत्र काही वाक्यांत दिले, त्यात वाचकांच्या मनात ठसलेला एकाक्ष राक्षस नाही, पण परतीची वाट, घरातील उन्माद आणि शेवटचा संहार यांचा परस्परसंबंध शाबूत आहे. तेव्हा चौथा सारांश निवडावा, येथवर कसोटी निर्विवाद साथ देते.

अडचण पुढे आहे. या उताऱ्यानंतर मूळ लेखात असे वाक्य असेल की, ‘पण चतुर्थीला तिठ्यावर उतरणारी गर्दी पाहिली की हे म्हणणे अर्धेच खरे वाटते’, तर चौथे विधान सारांश राहत नाही. लेखकाने खोडण्यासाठी मांडलेला तो पूर्वपक्ष ठरतो. उपक्रमोपसंहाराची कसोटी संहिता पूर्ण आहे असे गृहीत धरते. परीक्षेतील उताऱ्याचा आरंभ व शेवट लेखकाने केलेला नसतो, प्रश्नकर्त्याच्या कात्रीने केलेला असतो. प्रश्नात ‘दिलेल्या उताऱ्यापुरता’ ही अट अध्याहृत असते, पण उत्तर तपासणारे तिची आठवण क्वचितच ठेवतात, आणि समीक्षक तर एखाद्या कवितेचे एक कडवे घेऊन कवीचे जीवनदर्शन सांगतात.

हा आक्षेप टिळकांच्या निवडीपर्यंतही पोचतो. फक्त बारावा अध्याय उतारा म्हणून दिला, तर भक्तिपर सारांशच सर्वोत्तम ठरेल, आणि तो निवडणारा वाचक कमअस्सल ठरणार नाही. त्याची सीमा वेगळी आहे इतकेच. उलट दिशेनेही सीमा हलते. गीता ही महाभारताचाच भाग होय, असे टिळक परिशिष्टातील बहिरंगपरीक्षेत आग्रहाने मांडतात. युद्धास सिद्ध झालेला अर्जुन हा उपसंहार मात्र गीतेपुरताच उपसंहार आहे. भारताची सीमा धरली, तर युद्ध संपल्यावर शांतिपर्वाच्या आरंभी विजयी युधिष्ठिरच राज्य टाकून वनात जाऊ पाहतो, आणि त्याची समजूत घालणाऱ्यांत अर्जुन असतो.